आवडनिवड कोठून येते?

वर्ध्याच्या भाजीबाजारांत पुण्यामुंबईकडील माणूस प्रथमच गेला म्हणजे एका शब्दापाशीं तो हमखास अडखळतो. भाजीवाली ‘सांभार घ्या’ म्हणून हिरवी जुडी पुढें करते, आणि पाहुण्याच्या डोळ्यांपुढें इडलीबरोबरचें आंबट वरण उभें राहतें. विदर्भांत सांभार म्हणजे कोथिंबीर. थंडीच्या दिवसांत हिचेंच सारण भरून सांभारवडी तळतात, आणि कढईंतून निघालेली पहिली वडी कोणाची यावरून घरांत लहानथोरांची चढाओढ लागते. परंतु त्याच घरांत एखादा असाही निघतो कीं, वरणावर पसरलेलें एकेक पान तो बोटानें वेंचून ताटाच्या कडेला लावतो. त्याला त्या पानांत सुवास मुळींच येत नाहीं. साबण जिभेला लागल्यासारखें किंवा ढेंकूण चिरडल्यासारखें वाटतें. घरचीं माणसें त्याला नखरेल म्हणतात, आई रागें भरते, आजी म्हणते, ‘जिभेला वळण नाहीं.’ तो बिचारा काय उत्तर देणार? जो वास त्याच्या नाकाला झोंबतो तो इतरांच्या नाकाला जाणवतच नाहीं.

अन्नाची आवडनिवड ही वरवर पाहतां क्षुल्लक गोष्ट. परंतु जिच्यावरून रोज दोन वेळां घरोघर कुरबूर होते, मुलें मार खातात, नव्या सुना टोमणे ऐकतात आणि एका प्रांताचीं माणसें दुसऱ्या प्रांतांतील माणसांना नांवें ठेवतात, ती गोष्ट क्षुल्लक कशी म्हणावी? आवड कोठून येते, नावड कोठें जन्म घेते, त्यांपैकीं कोणती पालटतां येते व कोणती येत नाहीं, हें समजून घेतलें तर स्वयंपाकघरांतील पुष्कळसा कलह आपोआप शमण्याजोगा आहे. या विचाराला वर्धा जिल्ह्याइतकें सोयीचें स्थळ क्वचित् सांपडेल. कारण जिभेला जाणूनबुजून वळण लावण्याचा एक मोठा प्रयोग याच जिल्ह्यांत होऊन गेला आहे.

प्रथम चव म्हणजे काय हें पाहिलें पाहिजे. आयुर्वेदानें सहा रस मानले: गोड, आंबट, खारट, तिखट, कडू आणि तुरट. आधुनिक शास्त्र जिभेच्या पांच रुचि मानतें. गोड, आंबट, खारट व कडू या चार सर्वांच्या परिचयाच्या, पांचवी ‘उमामी’. १९०८ सालीं जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेडा यांनीं समुद्रांतील शेवाळाच्या कढणांतून ती निराळी ओळखून काढली. तिखट आणि तुरट यांना शास्त्र रुचींत धरीत नाहीं. मिरची खाल्ल्यावर जो भडका उडतो ती चव नसून भाजल्याची जाणीव होय. ऊन पदार्थानें तोंड पोळलें असतां जे मज्जातंतू मेंदूला वर्दी देतात, तेच मिरचींतील द्रव्यानेंहि जागे होतात. या जाणिवेचें द्वार १९९७ सालीं डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेंत सांपडलें, आणि त्या संशोधनाला २०२१ सालीं नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. तुरट ही तर स्पर्शाची जाणीव. हिरव्या सुपारीनें किंवा कच्च्या केळ्यानें लाळेंतील गुळगुळीतपणा नाहींसा होतो व तोंड आंवळल्यासारखें वाटतें, इतकेंच.

मग ज्याला आपण स्वाद म्हणतों, आंब्याचा, हिंगाचा, लसणाचा, सांभाराचा, तो कोणाच्या कामाचा? तो नाकाच्या कामाचा. घांस चावतांना त्याचा वास तोंडाच्या मागील बाजूनें नाकांत चढतो, आणि मेंदू तो जिभेच्याच खात्यांत जमा करतो. पडसें झालें म्हणजे पुरणपोळी केवळ गोड लागते, पुरणपोळी लागत नाहीं, याचें कारण हेंच. म्हणून आवडीनिवडीचे बहुतेक तंटे जिभेच्या नांवानें चालले तरी खरा वादी नाक असतें.

आतां जन्मतः काय येतें तें पाहूं. नुकत्याच जन्मलेल्या बालकाच्या जिभेला गोड थेंब लावला तर त्याचा चेहरा निवळतो, कडू लावला तर तें तोंड वेडेंवांकडें करतें. त्याला हें कोणी शिकविलेलें नसतें. आईचें दूध गोड, आणि वनस्पतींतील कित्येक विषें कडू. तेव्हां निसर्गानें जिभेला दारावरचा पहारेकरी म्हणून नेमलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं. मनुष्याच्या जिभेवर कडू ओळखणारे सुमारें पंचवीस प्रकारचे ग्राहक आहेत. गोडाचें काम मात्र एकदोघांवर भागतें. काकडी चिरतांना टोंक कापून चाखून पाहण्याची घरोघरची रीत या पहारेकऱ्याचाच उपयोग करते. दुधी भोपळा कडू निघाला तर तो रसासाठीं कदापि घेऊं नये. अशा कडू रसानें माणसें दगावल्याच्या घटना भारतांत घडल्या आहेत. मात्र पहारेकरी सर्वज्ञ नव्हे. पूर्व विदर्भांत पिकणारी लाखोडीची डाळ दुष्काळांत महिनोन् महिने हेंच मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय लुळे पडण्याचा धोका असतो, आणि तें द्रव्य जिभेला कळतच नाहीं.

हा पहारेकरी सर्वांचा सारखा नसतो, हें एका अपघातानें उघडकीस आलें. १९३१ सालीं अमेरिकेंतील ड्यूपॉंट कंपनीच्या प्रयोगशाळेंत आर्थर फॉक्स हे रसायनशास्त्रज्ञ एक पांढरी पूड भांड्यांत ओतीत असतां थोडी हवेंत उडाली. शेजारच्या सहकाऱ्यानें तोंड कडू झाल्याची तक्रार केली. फॉक्स यांना तर कांहींच लागेना. दोघांनींहि ती पूड चाखून पाहिली. एकाला ती जहर कडू, दुसऱ्याला खडूसारखी बेचव! पुढें पुष्कळ लोकांवर परीक्षा झाली आणि हा भेद आईबापांकडून मुलांत उतरतो असें आढळलें. २००३ सालीं त्यामागील जनुकहि सांपडला. त्या पुडीशीं नातें सांगणारीं द्रव्यें कोबी, मोहरी, मुळा यांच्या कुळांत असतात. म्हणजे एकाच ताटांतील मुळ्याची भाजी दोन सख्ख्या भावांच्या तोंडांत एकच भाजी असेल असा नेम नाहीं.

सांभाराची गोष्ट याच जातीची. त्याच्या पानांत जीं सुगंधी द्रव्यें आहेत, त्यांची जवळचीं भावंडें साबणांत आणि ढेंकणाच्या अंगच्या दर्पांतहि सांपडतात. धण्याचें यूरोपीय नांव ग्रीक भाषेंतील ढेंकूणवाचक शब्दाशीं जोडण्याची जुनी प्रथा आहे, ती कांहीं अगदींच निराधार नव्हे. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानें गंधग्राहक जनुकांच्या एका समूहाजवळील फरकाचा या साबणासारख्या वासाशीं संबंध दाखविला. त्याच वर्षीं कॅनडांतील टोरांटो येथें तरुणांची पाहणी झाली. तींत पूर्व आशियाई वंशाच्या शेंकडा २१ जणांना व यूरोपीय वंशाच्या १७ जणांना कोथिंबीर नावडती आढळली; दक्षिण आशियाई वंशाच्या मात्र शेंकडा ७ जणांनाच. जनुकाचा वांटा संशोधकांनींच थोडा ठरविला आहे. ज्या लोकांच्या जेवणांत ती नित्य असते त्यांच्यांत नावड कमी दिसते, यावरून जन्माइतकीच, किंबहुना अधिक, सत्ता संवयीची असावी असें दिसतें.

ही संवय केव्हां सुरू होते? पाळण्याच्याहि आधीं. गर्भाभोंवतींच्या पाण्यांत आईच्या आहाराचा वास उतरतो व बाळ तें पाणी गिळीत असतें. अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथील शास्त्रज्ञांनीं २००१ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. कांहीं मातांना गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत, कांहींना अंगावर पाजीत असतां, गाजराचा रस दिला. कांहींना केवळ पाणी. मुलें वरचें अन्न खाऊं लागल्यावर त्यांना गाजराच्या रसांत कालविलेली पेज चारली, तेव्हां गाजराशीं आधींच ओळख झालेल्या मुलांनीं तोंड कमी वांकडें केलें.

आपल्याकडे याचें एक गमतीचें उदाहरण आहे. शेपूच्या भाजीइतकी घरांत दोन तट पाडणारी भाजी दुसरी नसेल. एकाला ती मुगाच्या डाळींत शिजतांना दारांतच भूक लागते. दुसरा त्या वासानें घराबाहेर पडतो आणि दिवसभर येणाऱ्या ढेकरांची धास्ती सांगतो. पण बाळंतशोपा म्हणजे शेपूचेंच बीं. बाळंतिणीच्या विड्यांत, तिच्या जेवणाखेरीज तोंडांत टाकायला, तें पिढ्यान् पिढ्या दिलें जातें. इंग्लंडांत १८५१ च्या सुमारास निघालेल्या आणि पुढें हिंदुस्थानांत घरोघर पोंचलेल्या ग्राइप वॉटरमध्येंहि शेपूचें तेल असे. म्हणजे जो मोठेपणीं शेपूला नाक मुरडतो, तोच तान्हेपणीं शेपू पिऊन निजत असे! पहिली ओळख मागें पडली, मध्यंतरीं भाजी कोणी हौसेनें वाढली नाहीं किंवा धाकानें वाढली, आणि मैत्रीचें वैर झालें.

त्या वैरालाहि वयाचा एक काळ असतो. दोन वर्षांचें मूल पूर्वीं सारें खात होतें आणि आतां हिरवें दिसलें कीं तोंड मिटतें, ही तक्रार आईच्या तोंडीं नेहमींची. पाय फुटलेल्या मुलानें अंगणांतील हरएक पान तोंडांत घातलें असतें तर मनुष्यजात फार दिवस टिकती ना. अनोळखी पदार्थाची ही भीति साधारण दोन ते सहा वर्षांच्या वयांत जोरांत असते व पुढें ओसरते. मूल हट्टी झालें असें समजून या काळांत जी मारझोड होते, ती मात्र नावड कायमची करून ठेवते.

कारण नावड शिकण्याची जी शक्ति शरीरांत आहे ती फार तीव्र आहे. १९५५ सालीं जॉन गार्सिया यांनीं उंदरांना गोड पाणी पीत असतां किरणोत्सर्गाखालीं ठेवलें, त्यामुळें त्यांना आजार आला. तेव्हांपासून त्या उंदरांनीं गोड पाणी वर्ज्य केलें. दुखणें तासा-दोन तासांनीं आलें तरी दोष अन्नालाच लागतो, हें पुढील प्रयोगांत दिसलें. मनुष्याचेंहि असेंच आहे. प्रवासांत शिरा खाल्ला, मोटारीच्या हेलकाव्यांनीं उलटी झाली; अपराध मोटारीचा, पण शिक्षा शिऱ्याला. जुन्या घरांतून महिन्या-पंधरा दिवसांनीं मुलांना एरंडेल देत, आणि त्याचा वास झांकावा म्हणून तें सुंठीच्या काढ्यांतून किंवा चहांतून पाजीत. एरंडेलाची चव झांकली जाईच असें नाहीं, परंतु कित्येकांची सुंठ मात्र जन्माची बाद झाली.

जन्म आणि अनुभव यांखेरीज तिसरें मोठें कारण म्हणजे गांव. वर्धा जिल्ह्याच्या काळ्या जमिनींत कापूस, तूर व ज्वारी यांच्या जोडीनें जवस पिके, आणि विदर्भांतील अनेक घरांत जवसाचेंच तेल फोडणीला असे. ज्यांच्या लहानपणीं घाण्यावरून ताजें तेल आलें, त्यांना त्या वासानें आजी आठवते. परमुलखांतील माणसाला त्याच वासानें रंगाऱ्याची दुकानदारी आठवते. दोघेहि खरे! जवसाच्या तेलांत अर्ध्याहून अधिक भाग अशा स्निग्धाम्लाचा असतो कीं तें हवेशीं फार लवकर संयोग पावतें. म्हणूनच तें वाळून रंगाला व रोगणाला उपयोगी पडतें, आणि म्हणूनच शिळें झालें कीं त्याला कडवट चव व उग्र दर्प येतो. ताजें तेल ज्यानें खाल्लें आणि शिळें ज्यानें हुंगलें, ते एकाच वस्तूविषयीं बोलत नसतात.

अंबाडीची आंबट भाजी, पावसाळ्यांत आपोआप उगवणारा तरोटा, समुद्रपूर तालुक्यांतील वायगांवची गर्द पिवळी हळद, शेजारच्या नागपूर जिल्ह्यांतील भिवापूरची मिरची, या साऱ्यांची गोडी अशीच गांवाबरोबर येते. त्यांतहि मिरचीची कथा सर्वांत बोधप्रद आहे. ज्या वऱ्हाडी तिखटाचा एवढा अभिमान, ती मिरची मूळची अमेरिकेंतील. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती या किनाऱ्याला लागली. त्यापूर्वीं मिरीं, पिंपळी आणि आलें यांवरच आपलें तिखट भागे. मिरची कोणाच्याहि जन्माला आवडीची येत नाहीं. पॉल रोझिन यांनीं १९८० सालीं मेक्सिकोंतील एका खेड्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथील मुलांना कोणी मिरचीची सक्ति करीत नाहीं, बक्षीसहि देत नाहीं. साधारण पांच ते आठ वर्षांच्या वयांत वडील माणसें व थोरलीं भावंडें खातात हें पाहून तीं आपणहून खाऊं लागतात आणि तो जाळ त्यांना हवासा होतो. त्याच गांवांत उरल्यासुरल्या तिखट अन्नावर वाढलेल्या कुत्र्यांडुकरांना मात्र मिरचीची आवड लागली नाहीं. पंक्तीचा संस्कार मनुष्यालाच होतो.

आतां ज्या प्रयोगाचा उल्लेख आरंभीं केला त्याकडे वळूं. गांधीजी १९३४ सालीं वर्ध्यास राहावयास आले. प्रथम मगनवाडींत, आणि ३० एप्रिल १९३६ पासून शेगांवांत, ज्याचें नांव १९४० सालीं सेवाग्राम झालें. आश्रमाच्या एकादश व्रतांत ‘अस्वाद’ हें एक व्रत होतें. अन्न औषधासारखें, शरीराला लागेल तेवढें घ्यावें, जिभेच्या हौसेसाठीं घेऊं नये, असा त्याचा आशय. मगनवाडींत १९३५ सालीं सोयाबीनचे प्रयोग झाले. मुळ्याच्या व गाजराच्या ज्या पाल्याला लोक टाकाऊ समजत, तो कच्चाच जेवणांत घेण्याचा पुरस्कार ‘हरिजन’ पत्रांतून झाला. कडुनिंबाच्या पानांना पानांत रोजची जागा मिळाली. सेवाग्रामांत मसाल्याविना उकडलेल्या भाज्या असत. पुढें तुरुंगांत लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तकांत मसाल्यांचा विचार करतांना, दक्षिण आफ्रिकेंतील मूळ रहिवाशांना मसाले रुचत नाहींत, अन्नाला आलेला हळदीचा रंगहि ते सहन करीत नाहींत, असें निरीक्षण गांधीजींनीं नोंदविलें. आपल्याला जें स्वाभाविक वाटतें तें केवळ संवयीचें असूं शकतें, हें त्यावरून त्यांना दाखवावयाचें होतें.

जीभ वळवितां येते हा त्यांचा मुद्दा शास्त्रानें पुष्कळसा खरा ठरविला आहे. १९६८ सालीं रॉबर्ट झायन्स यांनीं दाखविलें कीं एखादी वस्तु केवळ वारंवार दृष्टीस पडल्यानेंहि तिच्याविषयीं प्रेम वाढतें. लहान मुलांच्या बाबतींत लीअन बर्च यांना आढळलें कीं नवा पदार्थ आठ-दहा वेळां, क्वचित् पंधरा वेळां चाखावयास दिला म्हणजे तो आवडूं लागतो. नुसता दाखवून मात्र भागत नाहीं. पुष्कळ आया दोनचार वेळांतच हात टेंकतात, आणि ‘याला आवडतच नाहीं’ असा निकाल देऊन मोकळ्या होतात. तो निकाल मग मुलालाहि पाठ होतो.

परंतु या व्रताला एक मर्यादा होती, तीहि सेवाग्रामांतच दिसून आली. जून १९४२ मध्यें अमेरिकन पत्रकार लुई फिशर आठवडाभर आश्रमांत राहिले. पालक आणि भोपळा एकत्र शिजविलेली भाजी दोन दिवसांत चार वेळां खाल्ल्यावर त्यांनीं ती पुन्हां घेण्याचें नाकारलें. तुम्हांला भाज्या आवडत नाहींत असें दिसतें, असें गांधीजी म्हणाले. फिशर उत्तरले कीं, याच भाज्यांची चव तीन दिवस लागोपाठ आवडत नाहीं. गांधीजींनीं भरपूर मीठ व लिंबू घालण्याचा सल्ला दिला. म्हणजे चव मारावी असेंच ना, असा फिशर यांचा विनोद. नव्हे, चव वाढवावी, असें गांधीजींचें हंसत उत्तर. हा संवाद थट्टेचा खरा, पण दोन्ही पक्षांना शास्त्राचा आधार आहे. १९८१ सालीं बार्बरा रोल्स यांनीं दाखविलें कीं एकच पदार्थ खात गेलें असतां त्या पदार्थापुरती इच्छा विझते, दुसऱ्याविषयीं मात्र ती शाबूत राहते. ताटांत चटणी, कोशिंबीर, भाजी, आमटी अशी फिरती चव ठेवण्याची आपली पद्धति या स्वभावालाच धरून आहे. आणि मिठाविषयीं म्हणावें तर १९९७ सालीं फिलाडेल्फियांतील संशोधकांनीं सिद्ध केलें कीं मीठ कडूपणाला दडपतें, त्यामुळें त्याखालीं दबलेली गोडी वर येते. कडू पाल्याच्या भाजींत मीठ घातल्यानें चव खरोखरच वाढते. कारल्याला मीठ चोळून पिळून घेणाऱ्या सुगरणीला हें कोणा प्रयोगशाळेनें सांगावें लागलें नाहीं.

सोयाबीनच्या प्रयोगाचें पुढें काय झालें, हाहि प्रश्न विचारण्यासारखा आहे. गेल्या कांहीं दशकांत सोयाबीन हें वर्धा जिल्ह्याचें एक प्रमुख पीक झालें. शेतेंच्या शेतें त्यानें व्यापलीं. तेल घरोघर गेलें, पण दाणा मात्र ताटांत रुळला नाहीं. दाणा भरडतांच त्यांतील पाचक द्रव्य स्निग्धाशीं क्रिया करून हिरवट, कच्चट वास निर्माण करतें, आणि तो वास मारण्याची कृति येथील स्वयंपाकाच्या परंपरेंत मुरलेली नव्हती. पदार्थ कितीहि पौष्टिक असो, त्याला आजीच्या हातची रीत लाभल्यावांचून तो घरचा होत नाहीं.

चौथें एक कारण आहे, तें जिभेचें नव्हे व नाकाचेंहि नव्हे, तें प्रतिष्ठेचें. डिसेंबर १९३४ मध्यें वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व जे. सी. कुमारप्पा यांनीं त्याचें काम मगनवाडींतून चालविलें. हातसडीचा तांदूळ, घाणीचें तेल, गूळ यांचा संघानें पुरस्कार केला. गिरणीच्या पांढऱ्याशुभ्र तांदळांतील कोंडा जातो व त्याबरोबर जीवनसत्त्वहि जातें, हें तेव्हांहि ठाऊक होतें. तरी लोकांना पांढराच तांदूळ हवा होता, कारण पांढरें तें मोठ्या घरचें. ज्वारीच्या भाकरीची जागा पोळीनें घेतली, जवसाची जागा डब्यांतल्या तेलानें घेतली, तरोटा गरिबाची भाजी ठरला. पुष्कळ वेळां आधीं माणूस हलका ठरतो आणि मग त्याचें अन्न बेचव लागूं लागतें.

या कारणासाठींच आवडीनिवडीचा विचार महत्त्वाचा आहे. सुकटीचा वास, लसणाचा वास, जवसाचा वास, यांचें निमित्त करून शेजारी दूर ठेवला जातो, वर्गांतील मुलाचा डबा एकटा पडतो, भाडेकरूला जागा नाकारली जाते. किळस ही शिकलेली असूनहि अंगांत इतकी मुरते कीं ती धर्माज्ञेसारखी भासते. जातिभेदाची कितीतरी वीण या किळसेच्याच धाग्यांनीं घातली गेली. सेवाग्रामच्या स्वयंपाकघरांत जात विचारली जात नसे, आणि सारे एका पंक्तीला बसत. तेथील बेचव भोपळ्याची थट्टा कोणी खुशाल करावी, परंतु त्या पंक्तीची योग्यता विसरूं नये. पदार्थ नावडणें हा अपराध नव्हे. त्या पदार्थावरून माणूस नावडता करणें हा मात्र अपराध होय.

घरांतील कर्त्या माणसांनीं यावरून काय घ्यावें? नवी भाजी मुलाच्या पानांत चमचाभरच वाढावी, पण चिकाटीनें पुनःपुन्हां वाढावी, आणि आपण ती त्याच्यासमोर आवडीनें खावी. मेक्सिकोंतील मुलें मिरची याच रीतीनें शिकलीं. ‘भाजी संपव, मग लाडू देईन’ हा सौदा करूं नये. बर्च यांच्याच प्रयोगांत असें दिसलें कीं लाचेनें खाविलेला पदार्थ आणखी नावडता होतो, कारण ज्यासाठीं लाच द्यावी लागते तें वाईटच असणार, एवढें अनुमान मुलालाहि करतां येतें. पाडव्याला कडुनिंबाचीं पानें गूळ, चण्याची डाळ, हिंग व ओवा यांच्यासह देण्याची रीत याहून शहाणपणाची: कडू तेवढेंच, चिमूटभर, सणाच्या दिवशीं, आणि सर्वांनीं मिळून. आजाऱ्याला त्याचा आवडता पदार्थ मळमळीच्या वेळीं देऊं नये, नाहींतर बरें झाल्यावर आवडता पदार्थच हातचा जाईल. जवस ताजा भाजून चटणी करावी, शिळ्या तेलावरून त्याची परीक्षा करूं नये. सांभार ज्याला साबणासारखा लागतो त्याला तो वाटून चटणींत द्यावा. पानें वाटलीं असतां त्यांतील तीं उग्र द्रव्यें हळूहळू मोडतात व कित्येकांना मग तीं सोसवतात.

इतकें करूनहि कोणी पान वेंचून ताटाच्या कडेला ठेवलेंच, तर तें त्याला ठेवूं द्यावें. एकाच पातेल्यांतील वरण दोघांच्या तोंडीं निराळें लागतें, हें एकदां पटलें म्हणजे रागाला जागा उरत नाहीं. आणि राग नसलेल्या पंक्तीला बसणारें मूल आज ना उद्यां तें पान चाखून पाहण्याचा संभव अधिक.